मुसोंदाच्या आईचा स्वेटर

१

दुकान उघडायचं म्हणजे काय, तर माझ्याच बैठकीच्या खोलीतला सोफा भिंतीला ढकलायचा, फरशीला लाल पॉलिश मारायचं, खिडकीच्या गजांना कपडे टांगायचे आणि दाराशी बोरूची चटई पसरून तिच्यावर भांडीकुंडी मांडायची. पाटीसुद्धा नव्हती. वेब्बी, म्हणजे माझा नवरा, फोनवर म्हणाला, "पाटीशिवाय कसलं गं दुकान?" मी म्हटलं, "तू तिकडे सोलवेझीच्या खाणीत राहून माझ्या पाटीची काळजी नको करूस. स्वतःचे मोजे धुतोस का ते सांग."

आमच्या लुआंशातली तांब्याची खाण थंडावल्यापासून निम्मं गाव घरातलं सामान विकायला बसलं होतं आणि उरलेलं निम्मं तेच सामान स्वस्तात घ्यायला टपलं होतं. मधे बसायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी बसले. लोकांनी वस्तू माझ्याकडे आणून ठेवायच्या. गेली तर माझा वाटा मला, बाकीचे त्यांचे त्यांना. नाही गेली तर आपली आपण परत न्या. प्रत्येक वस्तूला सेफ्टी पिनने एक चिठ्ठी, तिच्यावर मालकाचं नाव. वस्तू माझी कधीच नसायची. मी तिला नुसती ठेवून घेतलेली असायची.

आणि हे सगळं कशासाठी, तर लुबुतोसाठी. दोनदा कूस रिकामी झाल्यावर झालेली माझी एकुलती एक पोर, नऊ वर्षांची. सासूबाईंनी मान्साहून धोशा लावला होता की नवरा तिकडे, तू इकडे, खायचे वांधे, तर पोरीला माझ्याकडे पाठव. वेब्बीलाही ते पटायला लागलं होतं. दुकान चाललं तर लुबुतो माझ्यापाशी राहणार, नाही चाललं तर डिसेंबरात मान्साच्या बसमधे बसणार. मला दुसरं काही नको होतं. दुपारी शाळेतून येऊन तिने दप्तर फेकावं आणि "आई, भूक" म्हणावं, बस्स.

व्हरांड्यात मर्विस शिलाई मशीन घेऊन बसायची. माझी शाळेपासूनची मैत्रीण. गिऱ्हाईकाला कपडा सैल झाला की ती तिथल्या तिथे आवळून द्यायची. तिचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं.

माझी एक युक्ती होती. आलेल्या कपड्यांतला चांगला कपडा मी एक दिवस स्वतः घालून बसायचे. टांगलेला कपडा आठवडाभर कुणी बघत नाही, पण बाईच्या अंगावर दिसला की दुसरीला लगेच हवा असतो. ही युक्ती मला कुणी शिकवलेली नाही. तिचा मला फार अभिमान होता.

२

ऑगस्टची अखेर होती. सकाळी अजून गारठा, दुपारी ऊन. दोन बायका आणि एक पुरुष हातगाडीवर पत्र्याची ट्रंक घेऊन आले. पुढे होती ती म्हातारी. नाव सांगितलं फालेसी. पाण्याच्या टाकीपलीकडे राहतो म्हणाली.

"आत या ना मावशी, उन्हात का उभ्या?"

"नको बाई. पायांना धूळ आहे आणि तुझी फरशी बघ कशी लखलखतेय."

माझ्या फरशीचं कुणी कौतुक केलं की मी विरघळते. मी चटईवर बसकण मारली आणि ट्रंक पुढ्यात ओढली. तिघंही पायरीच्या बाहेरच राहिली. आत कमरेला गुंडाळायची छापील चितेंगे, एनॅमलचं पातेलं, एक चांगला आरसा. एक फणी होती, तिच्यात अजून केस होते. ती मी बाजूला केली, फण्या कुणी घेत नाही. आणि तळाशी गडद हिरवा स्वेटर, हाताने विणलेला. बटणं सगळी वेगवेगळी, पण वीण अशी की बघत राहावं.

"कुणाचं हे सगळं?"

"आमच्या मुसोंदाच्या आईचं."

"त्या नाही आल्या?"

मागच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "ती इथे नसते आता."

इथे नसते म्हणजे राजधानीत, लुसाकाला गेली असेल. जो तो लुसाकालाच जातोय. मी चिठ्ठीवर 'मुसोंदाची आई' असं लिहिलं आणि स्वेटरच्या गळ्याला मागून टाचली.

"जाईल का गं हे?" म्हातारीने विचारलं.

"स्वेटर तर हां हां म्हणता जाईल. उद्या मी स्वतः घालून बसते की नाही बघा."

म्हातारीने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पायांपासून वरपर्यंत. "उद्या कशाला? आत्ताच घाल की. आम्हीपण बघू."

मी घातला. खांद्यांत चांगलाच घट्ट होता. हसून मी दोन्ही हात पसरून दाखवले. ती हसली नाही. म्हणाली, "घोटभर पाणी देतेस?" मी पेला भरून आणला. तिने एक घोट घेतला आणि पेला परत माझ्याच हातात दिला. "तूही पी. कधीची बसली आहेस." तहान लागलीच होती. उरलेलं सगळं मी पिऊन टाकलं.

मग ती तिघंही पायरीखाली गुडघ्यांवर टेकली आणि हातांची ओंजळ करून हलक्या टाळ्या वाजवल्या. थोरामोठ्यांपुढे वाजवतात तशा. मी त्या म्हातारीच्या लेकीच्या वयाची. मला वाटलं, टाकीपलीकडची माणसं जरा जास्तच सभ्य दिसतात.

"नाही गेलं तर परत न्यायला कधी येणार?" मी विचारलं. तोवर त्यांनी गाडी वळवली होती. चाक करकरत होतं, त्यात ऐकू गेलं नसेल.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज गेली. फ्रिजची घरघर थांबली की माझ्या घरात किती शांतता असते ते तेव्हा कळतं. मर्विस दोरा आणायला बाजारात गेली होती. मी स्वेटर घालून चटईवर बसले होते, एका शर्टाला बटण लावत.

दारात सावली आली. मी मान वर केली नाही, सुई हातात होती.

"आई, मीठ संपलंय."

"संपेल कसं? चुलीमागच्या फळीवर बघ, पावडरीच्या निळ्या डब्यात. आणि ओला हात घालू नकोस."

"बरं."

पावलं पायरी उतरून गेली. मी दोरा तोडला. शर्ट झटकला. आणि मग माझ्या हातातून तो शर्ट गळून पडला.

माझ्याकडे चूल नाही. मी बाहेर कोळशाच्या शेगडीवर करते. माझं मीठ खिडकीतल्या काचेच्या बरणीत असतं. आणि तो आवाज लुबुतोचा नव्हता, लुबुतो शाळेत होती.

मी धावत व्हरांड्यात गेले. रस्त्यावर ऊन होतं आणि पलीकडे कुणाची तरी कोंबडी. लांबवर निळ्या गणवेशातली एक पोर चालली होती, बारा-एक वर्षांची, अनवाणी. ती वळून बघत नव्हती. घाईतही नव्हती. घरी जाणारं पोर जसं चालतं तशी चालली होती.

कामात डोकं असलं की माणूस काहीही बडबडतं, मी स्वतःला म्हटलं. शेजारची कुणी चुकून आली असेल, आणि मीठ काय, सगळ्यांच्याच घरी चुलीच्या आसपास असतं. मग निळा डबा? तेही असतात पुष्कळांकडे. मी परत येऊन बसले, पण बटण उलटं लावलं गेलं होतं.

४

मर्विसला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला मशीन धरावी लागली. "अगं ये इकडे," असं म्हणत तिने माझ्या मानेमागे हात घातला आणि चिठ्ठी ओढून माझ्या नाकासमोर नाचवली. "सकाळपासून ही पाटी घेऊन बसली आहेस. मुसोंदाची आई! पोरीने वाचलं आणि केली थट्टा. वेब्बीला फोन कर, म्हणावं पाटी लागली एकदाची."

मीही हसले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. चिठ्ठी काढून पिनेसकट डब्यात टाकली.

मर्विसने दोरा ओवला, पाय पेडलवर ठेवला, आणि तसाच राहू दिला. "पण काय गं, ही मुसोंदाची आई आहे ना जिवंत?"

"लुसाकाला असते."

"असं म्हणाल्या त्या?"

"इथे नसते म्हणाल्या."

"स्वेटर चटईवर बसून घातलास?"

"मग काय टेबलावर चढून घालू? मी चटईवरच बसते रोज."

"आणि पाणी प्यायलीस."

"ऊन होतं, मर्विस."

"टाळ्या?"

मी चटईकडे बघितलं. आमच्याकडे माणूस गेलं की त्याची जागा रिकामी ठेवत नाहीत. घरातलं कुणीतरी निवडतात, चटईवर बसवतात, गेलेल्याचा कपडा अंगावर घालतात, पाणी देतात, टाळ्या वाजवतात. त्या दिवसापासून तेच ते माणूस. माझा चुलतभाऊ चार वर्षांचा असताना आजोबांच्या जागी बसला होता. आजी त्याला 'अहो' म्हणायची आणि तो तिच्यासमोर चड्डी ओली करायचा. आम्ही हसून हसून लोळायचो, पण गुडघे टेकूनच.

"पण ते घरातलं माणूस असतं," मी म्हटलं. "रक्ताचं. आणि विचारून करतात. दुकानदारणीला कोण बसवेल?"

"तेही खरंच," मर्विस म्हणाली आणि मशीन चालू केली. "बसवलंच असेल तर तुझं काय बिघडलं? एक पोरगी आयती मिळाली."

दुपारी जरा आडवी झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं. चिठ्ठी मानेमागे होती. ती पोर समोरून आली होती.

५

सप्टेंबरात ऊन तापलं. ट्रंकेतली चितेंगे गेली, आरसा गेला, पातेलं गेलं. लोक न्यायला येत होते, वस्तू ठेवायलाही येत होते. दुकान चाललं होतं, खरंच चाललं होतं. वेब्बीने फोनवर डिसेंबरचं नाव काढणं सोडलं, आणि मी त्या दिवशी लुबुतोला दोन वेण्या घातल्या आणि उगाचच तिच्या मानेचा मुका घेतला.

फक्त स्वेटर जाईना. बायका हातात घ्यायच्या, वीण कुरवाळायच्या, आणि मग माझ्याकडे बघून परत टांगायच्या. एक तर म्हणाली, "तुमचाच आहे ना? मग राहू द्या." मी म्हटलं, "माझा नाही हो, विकायचा आहे." ती ओशाळून हसली. मी काहीतरी खोटं बोललेय असं हसली.

एक दिवस रस्त्यावरून जाणारा एक म्हातारा थांबला, टोपी काढली, म्हणाला, "मुसोंदाची आई, आता बरं आहे ना?" मी म्हटलं, "चुकलात काका, मी लुबुतोची आई." "असं असं," म्हणाला. पण टोपी त्याने वळणापर्यंत हातातच ठेवली.

आणि ती पोर. रोज नाही यायची. यायची तेव्हा दुकानात कुणी नसायचं आणि बहुतेक वीज गेलेली असायची. "आई, छत्री कुठे आहे?" "आई, कोंबडी आजारी आहे." मी ओठ घट्ट मिटून बसायचे. पण उत्तर माझ्या तोंडात आलेलं असायचं. छत्री कपाटावर, उजवीकडे, तिचा एक काटा मोडलाय. हे मला कुठून माहीत? मला ते कपाटही दिसायचं, त्याच्या दारावर कुणीतरी नखाने उकरलेलं. माझी बुद्धी सांगायची, एडिना, तू थकली आहेस, एकटी घर चालवतेस, कुणाचंही डोकं फिरेल. बुद्धीचं म्हणणं मला पटायचं. कपाट मात्र तिथेच असायचं.

मग एका जेवणाला लुबुतोने न्शिमाचा घास घेतला आणि चावायची थांबली.

"काय झालं?"

"वेगळं लागतंय." पोरीने माझ्याकडे बघितलं, जरा घाबरून. "आई, ह्यात मीठ आहे."

मक्याच्या पिठाच्या न्शिमात मीठ कुणी घालतं का? सात जन्मात नाही. मी चाखून बघितलं. खारट होतं, आणि मला ते चांगलं लागलं.

"आणि तुला गरम नाही का होत?" लुबुतो म्हणाली.

मी खाली बघितलं. माझ्या अंगात हिरवा स्वेटर होता. सकाळी मी तो खिडकीला टांगलेला मला पक्का आठवत होता. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं आणि मला घामाचा थेंब नव्हता.

दुसऱ्या दिवशी मर्विसने खांद्याशी चिमटीत धरून पाहिलं. "घट्ट होतो म्हणत होतीस ना? हा तर मापाने विणल्यासारखा आहे." आणि लगेच, मशीनकडे वळता वळता, अगदी सहज म्हणाली, "तुला काय कमी आहे, मुसोंदाच्या आई."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला कळलंही नव्हतं.

६

लुबुतो शाळेतून आली तेव्हा मी चटईवर कपडे घड्या करत होते. दप्तर फेकल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी वर पाहिलं. ती पायरीवरच थांबली होती. दोन्ही हातांत दप्तराचे पट्टे. तिने गुडघे जरासे वाकवले, मी शिकवलं तसे, आणि म्हणाली, "मावशी, माझी आई आहे का आत?"

"नाटकं पुरे. हात धुवून घे."

ती हलली नाही. माझ्या खांद्यावरून आत, पडद्याकडे बघत होती. "मावशी, तुम्ही तिची वाट बघताय का?"

तिच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. ओळखपाळख नसलेल्या बाईशी पोरं बोलतात तसं अदबीने बोलत होती ती. माझी लुबुतो. जिच्या कानामागचा तीळसुद्धा मला पाठ आहे.

मी स्वेटर ओरबाडून काढला. दोन बटणं तुटून फरशीवर घरंगळली. तो खोलीच्या कोपऱ्यात भिरकावून मी तिच्याकडे वळले, नुसत्या ब्लाउजवर, केस विस्कटलेली.

"आई?" ती म्हणाली, आणि एकदम रडायलाच लागली. येऊन कमरेला मिठी मारली. "तू कुठे गेली होतीस? इथे कुणीतरी बाई बसली होती."

मी तिला इतकी घट्ट धरली की ती कळवळली. दुकान गेलं खड्ड्यात, मी ठरवलं. उद्याच्या उद्या ज्याचं त्याला परत. परत नेणं हा माझा नियमच होता, आणि नियमाला घाबरायचं काय कारण?

७

सकाळी स्वेटर ट्रंकेत घातला, बटणंही शोधून घातली, केस अडकलेली ती फणीसुद्धा. ट्रंक ढकलगाडीवर चढवली. शनिवार होता. लुबुतोला मर्विसजवळ बसवलं. "हिला नजरेआड करू नकोस," मी म्हटलं. मर्विस म्हणाली, "मी काय हिला विकणार आहे? जा, लवकर ये."

टाकीपलीकडे मी जन्मात गेले नव्हते. पत्ता विचारत जायचं ठरवलं होतं. पण पहिल्या चौकात मी डावीकडे वळले, मग बंद पडलेल्या गिरणीमागून, मग उसाच्या वाफ्यामधून, आणि कुणाला काही विचारायची वेळच आली नाही. एका घराच्या कुंपणापाशी माझे पाय थांबले. मी गाडी ठेवली, वाकले, आणि फाटकाची आतली खिटी हात घालून काढली. ती बाहेरून दिसत नव्हती.

आंब्याखाली फालेसी मावशी बसली होती, ती दुसरी बाई आणि तो माणूसही. मला बघून तिघंही उठून उभी राहिली.

"किती वाट बघायची माणसाने," म्हातारी म्हणाली. रागावून नाही. घरच्या माणसाला म्हणतात तसं.

"हा तुमचा स्वेटर, ही फणी आणि हे गेलेल्या वस्तूंचे पैसे. स्वेटर विकला नाही. घ्या परत."

"आम्ही कसं घेणार? तुझं आहे ते."

"मावशी, मला एक लेक आहे." मी म्हटलं. "तिला मी लागते. काल तिने मला ओळखलं नाही. तुम्ही काय केलंत ते मला नको सांगायला, फक्त काढून घ्या. हवं तर मी गुडघे टेकते."

"टेकू नकोस. तू टेकायचं नसतं." म्हातारीने दुसरीकडे बघितलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. "घरातल्या सगळ्यांनी करून बघितलं गं. मी बसले, हिने बसून बघितलं. ती पोर हाक मारायची आणि आमच्यातल्या कुणालाच उत्तर यायचं नाही. मग ती जेवायची नाही. दिवसेंदिवस आतल्या खोलीत त्या बाजेकडे तोंड करून बसायची आणि बोलत राहायची. आम्हाला वाटायचं एकटीच बोलतेय."

"मग?"

"तू पहिल्याच दिवशी ओ दिलीस."

घराचं दार उघडं होतं. आत चूल होती, चुलीमागे फळी, फळीवर निळा डबा. त्याच्या पलीकडे फुलाफुलांचा पडदा. पडद्याखालून बाजेचा पाय दिसत होता आणि त्याच्याजवळ टेकलेली दोन अनवाणी पावलं. लहान. बाज करकरली. वर कुणीतरी कूस बदलत होतं.

ती पावलं पोरीची. मग बाजेवर कोण होतं?

मी बघितलं नाही. शपथेवर सांगते, मी पडदा उचलला नाही. ट्रंक आणि गाडी तिथेच टाकून मी फाटकातून बाहेर पडले आणि अगदी पळत सुटले.

८

परतताना रस्ता मात्र चुकला. गिरणी सापडेना. ऊन डोक्यावर होतं आणि मला थंडी वाजत होती. दोघा-तिघांनी टोपी काढली. मी कुणाकडे बघितलं नाही. लुबुतो, लुबुतो, असं मनातल्या मनात म्हणत चालले होते, जसं काही ते नाव कुणी हिसकावून घेईल.

आमची गल्ली दिसली तेव्हा जीव भांड्यात पडला. मर्विसच्या मशीनचा आवाज येत होता.

"आले बाई एकदाची," मी म्हटलं.

मर्विसने मशीन थांबवली, उठून उभी राहिली, आणि अदबीने हसली. तिला मी इतक्या वर्षांत कधी अदबीने हसताना बघितलं नव्हतं. "या मावशी. काही ठेवायला आणलंय का?"

"मर्विस, आज थट्टा नको गं."

तिचं हसू जरा मावळलं. "माझं नाव कुणी सांगितलं तुम्हाला?" मग घराकडे मान वळवून ती ओरडली, "लुबुतोच्या आई, कुणीतरी आलंय बघ."

मी गळ्याशी हात नेला, स्वेटर काढायला. अंगात काढण्यासारखं काही नव्हतं. माझाच ब्लाउज, माझीच त्वचा.

दार अर्धवट उघडं होतं. आत फरशीवर ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हाच्या कडेला एक बाई चटईवर पाठमोरी बसली होती. माझा निळा झगा. झग्याखाली उजव्या पायाची टाच, तिच्यावर ती आडवी भेग, जिच्यात मी रोज रात्री व्हॅसलीन भरते. तिचा हात घास वळत होता. समोर लुबुतो मांडी घालून बसली होती, तोंडात घास, गालावर हसू, काहीतरी शाळेतलं सांगत. इतकी खूश होती ती. किती दिवसांत मी तिला अशी जेवताना पाहिली नव्हती.

"कोण आहे गं?" आतून माझा आवाज आला. "बघ बरं, आणि पाणी विचार."

लुबुतो दाराशी आली. ओठाला न्शिमाचा कण लागला होता. तो पुसायला माझा हात निघाला, आणि ती एक पाऊल मागे सरली.

"लुबुतो. मी आहे, बाळा. आई."

तिने वळून आत बघितलं, मग माझ्याकडे. ती घाबरली नव्हती. तिला माझी दया आली होती, तेवढं मला तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. "मावशी, तुमचं कुणी हरवलंय का?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. किती काही सांगण्यासारखं होतं. कानामागचा तीळ, दोन वेण्या, ती जन्मली त्या दिवसाचा पाऊस. मी ते सांगितलं असतं. मी ओरडून सांगितलं असतं, आतल्या त्या बाईला तोंड वळवायला लावलं असतं. तेवढ्यात कुणीतरी मागून माझा हात धरला.

"आई, चल ना."

ती सबंध रस्ता माझ्या मागे चालत आली असणार, अनवाणी, त्या उन्हात. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. ओ द्यायचीच नाही, मेले तरी नाही. पण तिचा तळवा तापलेल्या तव्यासारखा होता. आणि मी विचार करायच्या आधीच माझ्या हाताची पालथी बाजू तिच्या कपाळावर टेकली होती.

"कधीपासून ताप आहे तुला?"

"तू गेलीस तेव्हापासून," मुसोंदा म्हणाली.

मागे दाराची खालची कडी लागली, मग वरची. अनोळखी माणूस दारात आलं की अशा लावायच्या, असं मीच शिकवलं होतं लुबुतोला. मी वळले नाही. पोरीचे दात वाजत होते. तिला मी रस्त्याच्या कडेने, सावली धरून घेऊन निघाले.